धुकं कॅनव्हासवर उतरवताना: नाशिकच्या हिवाळी फोटोंची छपाईआधीची तयारी

निफाड तालुक्यात आमच्या आत्याची द्राक्षबाग आहे. डिसेंबर सरता सरता पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जायची धास्ती असते. मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. अशाच एका पहाटे मी मामांचा फोटो काढला. (आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामाच म्हणतो.) खांद्यावर घोंगडी, डोक्यावर पांढरी टोपी, मांडवाखालून सरकणारा धूर आणि मागं धुक्यात विरत गेलेल्या वेलींच्या ओळी. फोनवर तो फोटो इतका सुरेख दिसत होता, की आत्याच्या बैठकीच्या खोलीसाठी २४ बाय ३६ इंचाचा कॅनव्हासच करून घेतला.

प्रिंट हातात आला तेव्हा धुराच्या जागी मळकट राखाडी डाग होते. मागच्या चार ओळींपैकी दोनच दिसत होत्या. आणि टोपीचा वरचा भाग चौकटीवर दुमडून वरच्या कडेला गेला होता. आत्या काही बोलली नाही. तिनं फक्त बोटानं ती दुमडलेली कड चाचपून पाहिली. छपाई करणाऱ्यानं त्याचं काम नीट केलं होतं. फाईलच तशी गेली होती, आणि ती मी दिली होती.

त्यानंतर बरेच कॅनव्हास करून घेतले: गोदाघाटाचे, गंगापूर धरणाच्या जलाशयाचे, नांदूरमधमेश्वरच्या पक्ष्यांचे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहितो.

आधी धुक्याचा स्वभाव

लग्नाच्या किंवा दिवाळीच्या फोटोत भडक रंग असतात, गडद सावल्या असतात, लखलखीत उजेड असतो. छपाईत थोडं इकडंतिकडं झालं तरी तो फोटो निभावून नेतो. धुक्याचा फोटो तसा नसतो. तो फिकट करड्या छटांचा जिना असतो आणि त्याच्या पायऱ्या एकमेकींना अगदी चिकटून असतात. जवळची वेल, तिच्यामागची, तिच्याही मागची, मग आभाळ. प्रत्येक पायरीत जरासाच फरक, आणि त्या जराशा फरकावरच फोटोतला सगळा जवळ-लांबपणा उभा असतो.

स्क्रीन स्वतः उजळते. कॅनव्हास खोलीतला उजेड परत फेकतो, तेवढंच. कॅनव्हासचा पांढरा स्क्रीनइतका पांढरा नसतो आणि काळाही तितका काळा उतरत नाही. म्हणजे सगळा जिना कमी उंचीत कोंबला जातो आणि जवळच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. या पायऱ्या छपाईपर्यंत शाबूत ठेवणं, ही या कामातली खरी कसोटी. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

कोणता फोटो घ्यायचा

फोनवर सगळेच फोटो छान दिसतात, म्हणून निवड मोठ्या स्क्रीनवर करा. फोटो १०० टक्के मोठा करून डोळे, कडा, फांद्या बघा. फोकस चुकलेला असेल तर तो फोटो सोडून द्या. पुढं कोणतंही सॉफ्टवेअर तो भरून काढत नाही. पोर्ट्रेट मोडमधले फोटो विशेष तपासा. फोन पार्श्वभूमी कृत्रिमपणे धूसर करतो तेव्हा टोपीची कड, केस, घोंगडीचे धागे अर्धवट खाल्ले जातात. फोनवर ते कळत नाही, दोन फुटांच्या कॅनव्हासवर लगेच दिसतं.

माणसांचे फोटो असतील तर चेहरा छापल्यावर केवढा येणार, ते पट्टीनं मोजा. कॅनव्हासला स्वतःची वीण असते. अंगठ्याच्या नखाहून लहान चेहरा त्या विणीत हरवतो. घाटावरच्या गर्दीचा फोटो असेल तर हरकत नाही, तिथं चेहरे ओळखायचे नसतात. पण आजीचा फोटो म्हणून लावायचा असेल तर आजी ओळखू आली पाहिजे.

अजून फोटो काढायचे असतील तर दोन गोष्टी आत्ताच सांगतो. जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्याआधीची वीस मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास धुक्याला सगळ्यात चांगला. कॅमेरा धुक्याला भरपूर उजेड समजतो आणि फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) पाऊण ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आणि शक्य असेल तर रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल, घ्या. फोनच्या प्रो मोडमध्येही बहुतेक वेळा ती सोय असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, रॉमध्ये हजारो. धुक्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

फोनवरचं ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचं सेटिंग पहाटेच्या अंधुक उजेडात वापरू नका. एरवी फोन शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करून १२-१३ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो देतो, तोच बरा.

मूळ फाईल कुठं आहे?

ही पायरी साधी वाटते, पण निम्मे कॅनव्हास इथंच बिघडतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो. भावानं ग्रुपवर टाकलेला फोटो डाउनलोड करून छापायला दिलात, तर तो ८ बाय १० इंचाच्या पलीकडं ताणू नये. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा ड्राइव्हची लिंक घ्या, किंवा सरळ पेनड्राइव्हवर घ्या.

आता हिशेब. फोटोचे पिक्सेल भागिले १५०, म्हणजे तो किती इंचापर्यंत निर्धास्त छापता येईल ते कळतं. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो. भागलं की जवळजवळ २७ बाय २० इंच. कॅमेऱ्याचा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० चा फोटो, ४० बाय २६ इंचांपर्यंत सहज जातो. ‘३०० डीपीआयच पाहिजे’ (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) हा आग्रह अल्बमच्या आणि पुस्तकाच्या छपाईतून आलेला आहे. अल्बम आपण हातात धरून बघतो, कॅनव्हास सोफ्यावर बसून सहा-सात फुटांवरून. तेवढ्या अंतरावर इंचाला १०० पिक्सेलही पुरतात, त्यात कॅनव्हासची वीण बारीक कडा मऊ करतेच. १०० च्या खाली मात्र जाऊ नका.

पक्ष्यांच्या फोटोंचं वेगळं आहे. नांदूरमधमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर, हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब उतरतात. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण पक्षी लांब असतो, त्यामुळं फोटो कापावाच लागतो. २४ मेगापिक्सेलमधून पाव भाग राखला तर हातात ३००० बाय २००० पिक्सेल उरतात, म्हणजे २० बाय १३ इंच. त्याहून मोठा करायचा तर एआयनं मोठा करणारी सॉफ्टवेअर आहेत. दुप्पटीपर्यंत ती बरी चालतात. त्यापुढं पिसांवर नसलेली नक्षी उमटायला लागते, आणि पक्षीमित्रांच्या नजरेतून ती सुटत नाही. नुसतं धुकं आणि पाणी असलेला फोटो मात्र निर्धास्त मोठा करा. त्यात बारकावे कमीच असतात. फक्त जेपेगमध्ये फाईल दाबल्यानं पडणारे चौकोन आधी साफ करून घ्या, नाहीतर तेही मोठे होतात.

चौकटीवर काय दुमडलं जाणार

मामांची टोपी इथं गेली, म्हणून इथं जरा थांबतो.

कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागं पिना मारतात. चौकटीची जाडी पाऊण इंच किंवा दीड इंच असते. दीड इंचाची चौकट असेल तर चारही बाजूंनी दीड-दीड इंच चित्र कडेवर दुमडलं जातं आणि वर मागं पकडायला अजून थोडं लागतं. म्हणून प्रत्येक बाजूला किमान दोन इंच जादा धरा. समोरून २४ बाय ३६ दिसायला हवं असेल, तर फाईल २८ बाय ४० इंचाची करायची. कुठं दोन, कुठं अडीच, कुठं तीन इंच मागतात. चौकट बनवणाऱ्याला विचारूनच आकडा पक्का करा.

मग क्रम असा ठेवा. आधी फाईलमध्ये २८ बाय ४० ची चौकट आखा. तिच्या आत गाइड-रेषांनी २४ बाय ३६ चा आयत काढा. डोकं, हात, पक्ष्याची चोच, मंदिराचा कळस, जे महत्त्वाचं आहे ते या आतल्या आयतातच हवं, आणि तेही कडेपासून दीड-दोन इंच सोडून. टोपी अगदी रेषेला टेकली तरी चालेल, असं समजू नका. ताणताना कॅनव्हास अर्धा इंच सरकू शकतो.

फोटोत तेवढी मोकळी जागाच नसेल तर? तीन वाटा आहेत. कडेला फोटोचंच आरशासारखं प्रतिबिंब घालायचं. धुक्याच्या फोटोत हे इतकं बेमालूम होतं की कुणाला कळत नाही. किंवा कडा एकरंगी करायच्या. मग पांढरा न घेता फोटोतलाच एखादा करडा उचलून वापरा. किंवा कॅनव्हास न गुंडाळता सपाट फळीवर चिकटवून बाहेरून लाकडी फ्रेम घालायची. माणूस फोटोच्या कडेलाच उभा असेल तर मी तिसरी वाट घेतो.

मापांच्या प्रमाणाचाही विचार इथंच करा. फोनचा फोटो ४ : ३, तर १८ बाय २४ किंवा ३० बाय ४० त्याला जवळचं. कॅमेऱ्याचा ३ : २, तर १६ बाय २४ किंवा २४ बाय ३६. दुकानात ‘बसवून देतो’ म्हणतात तेव्हा कुठून कापणार, हे आधी विचारा.

स्क्रीन खाली उतरवा

प्रिंट काळा आला, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा कारण एकच: स्क्रीनचा उजेड फार चढवलेला असतो. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. शेजारी, खोलीच्या नेहमीच्या उजेडात, छपाईचा पांढरा कागद धरा. स्क्रीनचं पान त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. सुरुवातीला सगळं मंद वाटेल. दहा मिनिटांत डोळे सरावतात. रात्री स्क्रीन पिवळट करणारं सेटिंग, रंग आपोआप बदलणारं सेटिंग, सगळं बंद. कॅलिब्रेशनचं (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं) यंत्र मिळालं तर उत्तमच, पण घरच्या एका कॅनव्हाससाठी हा कागदाचा उपाय पुरेसा आहे.

फोनवरच काम करणार असाल तर उन्हात किंवा अंधारात बसून करू नका. दिवसा, खिडकीपासून थोडं आत.

छटांचं काम

फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल १६ बिटमध्ये उघडा, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी हजारो पायऱ्या मिळतात. लाइटरूममध्ये रॉवर काम करताना याची काळजी घ्यावी लागत नाही. फोटोशॉप आणि जिंपमध्ये मोड बदलून घ्या. कारण पुढं येतंच.

आता हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडं काळ्यापासून उजवीकडं पांढऱ्यापर्यंत कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख. धुक्याच्या फोटोचा डोंगर मधे किंवा किंचित उजवीकडं असतो. तो डावीकडं झुकलेला असेल तर कॅमेऱ्यानं काळवंडलेला फोटो आहे. आधी एक्स्पोजर वाढवा. पण उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. शुद्ध काळ्याचा आकडा ०, शुद्ध पांढऱ्याचा २५५. जिथं २५५ आहे तिथं मशीन शाईच टाकत नाही, कोरा कॅनव्हास उरतो. स्क्रीनवर तो उजेड वाटतो, भिंतीवर भोक वाटतं. माझ्या फोटोंत धुक्याचा सगळ्यात उजळ भाग मी २४० च्या आसपास थांबवतो. सूर्याचं बिंब तेवढं २५५ ला गेलं तरी चालतं, ते लहान असतं.

खालच्या टोकालाही असंच. कॅनव्हासवर २० च्या खालचं सगळं जवळजवळ एकच काळं होतं. घोंगडीच्या घड्या, वेलीच्या खोडाचे पापुद्रे, घाटाच्या दगडी पायऱ्यांमधल्या फटी दिसायला हव्या असतील तर सावल्या थोड्या उचला.

मधल्या पायऱ्या बघण्यासाठी मी आयड्रॉपर वापरतो; फोटोत जिथं टेकवाल तिथला आकडा तो दाखवतो. मामांच्या फोटोत पहिल्या ओळीतली वेल ४५ च्या आसपास होती, दुसरी ११०, तिसरी १५०, चौथी १५८, आभाळ १७०. म्हणजे शेवटच्या तीन पायऱ्या वीस आकड्यांत कोंबलेल्या. पहिल्या प्रिंटमध्ये मागच्या दोन ओळी का गायब झाल्या, ते इथंच कळलं. दुसऱ्या वेळी कर्व्ह (छटा वर-खाली करणारी वक्ररेषा) वापरून वरचा भाग ताणला: तिसरी ओळ १५५, चौथी १८५, आभाळ २२५. पहिल्या दोन ओळींना हात लावला नाही. स्क्रीनवर फरक फार वाटला नाही, पण कॅनव्हासवर चारही ओळी उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन पायऱ्यांत किमान वीसाचं अंतर, असा माझा ठोकताळा आहे.

एक विनंती कळकळीनं करतो: डीहेझ नावाच्या स्लायडरपासून लांब राहा. त्याचं काम धुकं पुसणं, आणि आपल्याला धुकंच टिकवायचं आहे. अख्ख्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवणंही तसंच. जोर द्यायचाच असेल तर मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) फक्त जवळच्या गोष्टीवर द्या: माणूस, होडी, घाटावरचा दिवा. जवळचं ठसठशीत झालं की लांबचं धुकं आपोआप जास्त दाट वाटतं.

आणि १६ बिटचं कारण. फिकट आभाळ ८ बिटमध्ये ताणलं की त्यात पट्ट्या पडतात, पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळं उठावीत तशा. छापल्यावर त्या जास्तच दिसतात. फोनचा जेपेग असेल आणि पट्ट्या आल्याच असतील, तर अगदी बारीक ग्रेन (दाणे) घाला. लाइटरूममध्ये १०-१५ एवढंच. कॅनव्हासच्या विणीत ग्रेन दिसत नाही, पट्ट्या मात्र मोडतात.

थंडीचा रंग

सूर्य उगवण्याआधीचा उजेड निळसर असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं आपोआप पांढरं करणारं सेटिंग) तो निळा काढून टाकतो आणि पहाटेची दुपार करतो. सगळा निळा ठेवला तर माणसं आजारी दिसतात. मी फोटोतली पांढरी वस्तू शोधतो. टोपी, घाटावर वाळत घातलेलं धोतर, बगळा. ती वस्तू सावलीत असेल तर किंचित निळी राहू देतो, उन्हात असेल तर किंचित पिवळी. शुद्ध पांढरी करत नाही.

धूर आणि धुकं यांचा रंग एक नसतो. धुक्याचे थेंब मोठे, म्हणून ते पांढरट करडं दिसतं. शेकोटीच्या धुरातले कण अतिशय बारीक, त्यामुळं गडद वेलीच्या पार्श्वभूमीवर तो निळसर दिसतो. हा फरक जपा; द्राक्षबागेच्या फोटोत त्यातच जीव आहे. फक्त निळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं उतरवून ठेवा, कारण छपाईत निळा जांभळ्याकडं झुकतो.

गोदाघाटाच्या फोटोत उलट अडचण. रामकुंडावर धुकं करडं, पण मधेच झेंडूच्या माळा, कुंकू, भगवं वस्त्र. हे रंग शाईच्या आवाक्याबाहेर जातात आणि झेंडूच्या पाकळ्या सपाट नारिंगी डाग होऊन बसतात. त्या रंगाचं सॅच्युरेशन पाकळ्या वेगळ्या दिसेपर्यंत उतरवा. करड्या धुक्यात थोडा उतरवलेला नारिंगीही पुरेसा पेटलेला दिसतो.

डाग, दाणे, धार

सपाट धुक्यात सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण दिसतो. फोटो १०० टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओळीओळीनं फिरा आणि हीलिंग ब्रशनं काढा. उडणारा पक्षी डाग समजून पुसू नका. माझ्याकडून एकदा एक बगळा गेला आहे.

नॉइज रिडक्शन (अंधुक उजेडातले दाणे पुसणं) बेतानं. चेहरा प्लॅस्टिकचा व्हायला लागला की एक पाऊल मागं या.

शार्पनिंग (कडांना धार देणं) सगळ्यात शेवटी, अंतिम मापात फाईल आणल्यावर. कॅनव्हास धार खातो, म्हणून स्क्रीनवर जरा जास्तच वाटेल इतकं चालतं. पण मास्क लावून, फक्त जवळच्या गोष्टींवर. धुक्याला धार लावली की ते रेतीसारखं दिसतं.

फाईल बंद करून देताना

छापणाऱ्याकडे त्याच्या मशीन-कॅनव्हासचा आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) असेल तर मागून घ्या. फोटोशॉप, लाइटरूम, जिंप तिन्हींत सॉफ्ट प्रूफची, म्हणजे छापील रूप स्क्रीनवरच बघायची, सोय आहे. तो चालू केला की फोटो एकदम फिका, धुळकट दिसतो. घाबरू नका, कॅनव्हास तसाच येणार आहे. म्हणून सुधारणा हा प्रूफ बघतच करायची. शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे, याचे पर्सेप्च्युअल आणि रिलेटिव्ह असे दोन पर्याय तिथं असतात, दोन्ही लावून बघा. झेंडू असेल तर पहिला, नुसतं धुकं असेल तर बहुधा दुसरा.

प्रोफाइल मिळाला नाही तर फाईल एसआरजीबी या नेहमीच्या रंगक्षेत्रात द्या. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रंगक्षेत्रात आणि हेइक फॉर्मॅटमध्ये असतात; ते बदलून घ्या, नाहीतर दुकानाच्या संगणकावर रंग उतरतात किंवा फाईल उघडतच नाही. स्वतःहून सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) करू नका. टिफ घेत असतील तर टिफ, नाहीतर सर्वोच्च गुणवत्तेचा जेपेग, एकदाच सेव्ह केलेला. फोनवरचं स्नॅपसीड ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये गुणवत्ता १०० करून ठेवा. फाईलच्या नावातच माप आणि रॅप (चौकटीवर दुमडला जाणारा भाग) लिहा: ‘द्राक्षबाग-२८x४०-रॅप-२-इंच’. दुकानात रोज शेकडो फाईली येतात, नाव बोलकं असलं की चूक टळते.

दुकानात

नाशिकमध्ये फ्लेक्स छापणारेही कॅनव्हास छापतात आणि फोटो लॅबवालेही. भाव चौरस फुटावर सांगतात. भाव विचारण्याआधी शाई विचारा. पिगमेंट शाईत फिकट छटा जास्त मऊ उतरतात आणि रंग वर्षानुवर्षं टिकतो. इको-सॉल्व्हंट मशीनवर बॅनर झकास येतो, कॅनव्हासही टिकाऊ होतो, पण धुक्यात कधी कधी शाईचे दाणे दिसतात; नमुना बघून ठरवा. कापड कॉटन किंवा कॉटन-पॉलिस्टर मिश्र, ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) आसपासचं असलं की ताणताना लाटा पडत नाहीत. वरचा थर मॅट सांगा. ग्लॉसनं काळा खोल होतो हे खरं, पण समोरची ट्यूबलाइट त्यात दिसते आणि धुक्यावर तो पांढरा पट्टा फार खुपतो.

आणि हे स्पष्ट शब्दांत सांगा: ‘दादा, फाईलला ऑटो कलर लावू नका. जशी आहे तशी सोडा.’ ऑपरेटर चांगल्या मनानंच फोटो ‘उठाव’दार करून देतो, कारण त्याच्याकडं येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तेच हवं असतं. धुक्याचा फोटो त्यात मरतो.

मोठा प्रिंट टाकण्याआधी एक पट्टी छापून घ्या, त्याच कॅनव्हासवर, खऱ्या मापात. अख्खा फोटो लहान करून छापू नका, त्यातून काही कळत नाही. सगळ्यात उजळ धुकं, सगळ्यात गडद सावली आणि चेहरा, एवढं येईल असा ८ बाय १२ इंचाचा तुकडा पुरतो. तो घरी न्या आणि जिथं कॅनव्हास लागणार त्याच भिंतीवर टेपनं चिकटवा. सकाळी बघा, रात्री दिव्यात बघा. पिवळट एलईडी असेल तर निळा धूर करडा दिसतो. पांढऱ्या ट्यूबखाली तोच जास्त थंड दिसतो. दोन्हींत चेहरा ओळखीचा वाटला की फाईल पक्की.

आत्याकडं मी तीन तुकडे नेले होते: एक जशाला तसा, एक थोडा उजळ, एक त्याहून उजळ. तिनं रात्री जेवण झाल्यावर मधला उचलला. म्हणाली, ‘यात मागच्या ओळीपर्यंत बाग दिसते.’

भिंतीवर

चौकट वाळवलेल्या पाइनची असावी, कोपऱ्यात पाचरी मारता येतील अशी. पावसाळ्यात हवा दमट झाली की कॅनव्हास सैलावतो आणि पाचरी किंचित ठोकल्या की पुन्हा ताणला जातो. पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला लावू नका. दुसरी जागाच नसेल तर मागं चारही कोपऱ्यांत बुचाचे लहान तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही. थेट ऊन येतं तिथं नको. पुसायला कोरडं मऊ फडकं, ओलं कधीच नाही.

आत्याच्या बैठकीत दुसरा कॅनव्हास आता आतल्या भिंतीवर आहे, खिडकीच्या काटकोनात. सकाळचा उजेड त्यावर तिरपा पडतो. टोपी पूर्ण दिसते, तिच्यावर दोन इंच धुकं मोकळं आहे.